यूसी ट्रान्सफरचा रिझल्ट येईपर्यंत या चुका टाळा

डिसेंबर उजाडला की मला ठरलेला मेसेज येतो. "ताई, ॲप्लिकेशन सबमिट केलं, आता एप्रिलपर्यंत निवांत ना?" निवांत कसलं डोंबलाचं. मी स्वतः कॅलिफोर्नियात, बे एरियातल्या एका कम्युनिटी कॉलेजमधून (म्हणजे दोन वर्षांच्या कॉलेजातून) यूसीला, म्हणजे युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाला ट्रान्सफर घेऊन गेलेय, त्यानंतर ओळखीतल्या आणि ओळखीच्यांच्या ओळखीतल्या किती पोरांचे अर्ज बघितले ते मोजलं नाही, पण अर्ज भरताना फारसं कोणी माती खात नाही. खातात ती भरून झाल्यावर. (हे सगळं यूसीबद्दल आहे, सीएसयूच्या, म्हणजे कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटीच्या तारखा नि नियम वेगळे, ते तिकडे बघा.)

जानेवारीतला अपडेट न भरणं. टीएयू म्हणतात त्याला, ट्रान्सफर ॲकॅडमिक अपडेट. तुम्ही अर्ज करता तेव्हा फॉल सत्राचे विषय चालूच असतात, त्यांचे ग्रेड जानेवारीत भरायचे आणि पुढच्या स्प्रिंग सत्राला नक्की काय घेतलंय ते सांगायचं, 31 जानेवारीच्या आत. "माझं काही बदललंच नाही" म्हणून सोडून देणारे दरवर्षी दोन तरी भेटतात. बदललं नसेल तरी भरायचा. मी स्वतः तीसच्या रात्री भरला होता त्यामुळे जास्त बोलत नाही.

टॅग मिळाला म्हणून झोपणं. टॅग म्हणजे ट्रान्सफर ॲडमिशन गॅरंटी, प्रवेशाची हमी, हो, पण अटींसकट. सप्टेंबरात टॅग भरला तरी मेन अर्ज वेगळा भरावाच लागतो, पुढचे ग्रेडही सांभाळावे लागतात. आणि टॅग सहाच कॅम्पसना आहे, डेव्हिस, अर्व्हाइन, मर्सेड, रिव्हरसाइड, सांता बार्बरा, सांता क्रूझ. बर्कली, यूसीएलए आणि सॅन डिएगोला नाही, तेव्हा "बर्कलीचा टॅग कुठे भरायचा" हे विचारू नका प्लीज.

ऑफर आली की विषय ड्रॉप करणं. ही माझी लाडकी चूक, म्हणजे हिच्यावर मी सगळ्यात जास्त चिडते. एक मुलगा होता, ठाण्याचा, हुशार, डेटा सायन्सला अर्ज केलेला. एप्रिलमध्ये हव्या त्या कॅम्पसची ऑफर आली. त्या स्प्रिंगला 16 युनिट्स (क्रेडिट्स) होते, त्यातला लिनिअर अल्जिब्रा जड जात होता, प्रोफेसर कडक, मिडटर्मला मार खाल्लेला. मग 'डब्ल्यू' (विषय मध्येच सोडल्याचा शेरा) घेऊन ड्रॉप करायच्या शेवटच्या तारखेच्या आदल्या रात्री, रूममेटच्या सोफ्यावर पडल्या पडल्या, फोनवरून टाकला ड्रॉप करून. एफ-1 वर, म्हणजे स्टुडंट व्हिसावर होता, त्याला लागणारे किमान 12 युनिट्स शिल्लक राहतायत, म्हणजे व्हिसाला धोका नाही, एवढं मात्र साहेबांनी बरोबर मोजलं होतं. बाकी कोणाला काही सांगितलं नाही, कॅम्पसला नाही, मला तर नाहीच.

मे गेला, जून गेला. ठाण्यात आजीने अख्ख्या सोसायटीत पेढे वाटले, याने नव्या गावात खोली बघून डिपॉझिट भरलं. जुलैमध्ये फायनल ट्रान्सक्रिप्ट पोचली आणि त्यानंतर ईमेल आला की ऑफर रद्द. का, तर अर्जात लिहिलेला, मेजरला (मुख्य विषयाला) लागणारा विषय पूर्ण झाला नाही आणि तसं कळवलंही नाही. ऑफरच्या अटींमध्ये हे स्पष्ट लिहिलेलं होतं, याने त्या 'ॲक्सेप्ट' दाबायच्या आधी खालपर्यंत स्क्रोल केल्या होत्या, वाचल्या नव्हत्या. तेव्हा कुठे मला फोन. समरमध्ये दुसऱ्या कॉलेजात करतो म्हणाला, ते चाललं नाही. अपील केलं, पण अपिलाला कारण लागतं, कागदपत्रांसकट, आजारपण वगैरे, आणि "प्रोफेसर कडक होते" हे कारण नसतं. वर्ष गेलं.

तर माझी सवय सांगते, पद्धत वगैरे म्हणू नका तिला. ऑफरच्या अटींची प्रिंट काढायची आणि फ्रिजवर लावायची, मोबाईलमधली पीडीएफ कोणी परत उघडत नाही. त्यात स्प्रिंगला किती जीपीए (ग्रेडची सरासरी) राखायचाय, कुठल्या विषयात किमान 'सी' हवा, हे पेनाने अधोरेखित करायचं, कारण हे कॅम्पसनुसार बदलतं, मित्राचं बघून चालत नाही. कुठलाही विषय ड्रॉप करायचा, बदलायचा किंवा ग्रेडऐवजी 'पास/नो पास' करायचा विचार जरी आला तरी आधी ॲडमिशन ऑफिसला दोन ओळी लिहायच्या आणि लेखी उत्तर येईपर्यंत बटणाला हात लावायचा नाही. काउन्सेलर तोंडी म्हणाले "इट शुड बी फाइन", ते पुरावा म्हणून चालत नाही. एफ-1 वाल्यांनी वर डीएसओलाही, म्हणजे कॉलेजात व्हिसाचं बघणाऱ्यांनाही विचारायचं. पण हे सगळं करायला दोन दिवस लागतात आणि पोरांना दोन मिनिटांत हवं असतं.

मेरिट लिस्ट शोधत बसणं. आपण अकरावीच्या लिस्टा आणि सीईटीचे कॅप राउंड बघत वाढलो, त्यामुळे "कटऑफ किती लागला" हा प्रश्न रक्तातच आहे. इथे कटऑफ लागत नाही. जीपीए बघतात, मेजरचे विषय झालेत का बघतात, तुमचे निबंध वाचतात, सगळं मिळून ठरवतात. व्हॉट्सॲप ग्रुपवर 3.7 वाल्याला मिळालं आणि 3.9 वाल्याला नाही म्हणून घोळ घालण्यात अर्थ नाही, दोघांची मेजर्स वेगळी असतील. आकडे बघायचेच तर यूसीच्या साइटवर मेजरनुसार ट्रान्सफरचे आकडे आहेत, कितीजणांनी अर्ज केला, कितीजणांना मिळालं, जीपीएची रेंज काय, ते एकदा बघा आणि टॅब बंद करा. कॅम्पस आपापल्या दिवशी रिझल्ट लावतात, मार्च ते एप्रिलअखेर, बर्कली नि यूसीएलए बहुतेकदा शेवटी शेवटी. पोर्टल तासातासाला रिफ्रेश करून तारीख पुढे येत नाही. मी मॅथ ट्युटरिंग सेंटरमध्ये काम करायचे तेव्हा समोर एक मुलगी इंटिग्रेशन बाय पार्ट्स सोडवतेय आणि मी टेबलाखाली फोन रिफ्रेश करतेय असे दोन आठवडे काढलेत, शेवटी तिनेच विचारलं, "एनीथिंग?"

वेटलिस्टचंही तेच. "माझा कितवा नंबर?" असं काही सांगत नाहीत. वेटलिस्टवर राहायचं असेल तर तसं पोर्टलवर जाऊन सांगावं लागतं, आपोआप राहत नाही. आणि त्या भरवशावर 1 जूनला, म्हणजे ऑफर स्वीकारायच्या शेवटच्या तारखेला, दुसऱ्या कॅम्पसची सीट सोडायची नाही, तिथलं डिपॉझिट गेलं तर गेलं.

फक्त रिझल्टसाठी पोर्टल उघडणं. चेकलिस्ट पण वाचा. आणि जीमेलचा प्रमोशन्स टॅबही.

"घरी अजून सांगू नका" म्हणायला विसरणं. एकदा मंडळाच्या गणपतीत बातमी पोचली की नंतर आवरत नाही.

ट्रान्सक्रिप्ट घाईने मागवणं. मे महिन्यात ऑर्डर करून मोकळे होतात, स्प्रिंगचे ग्रेड लागलेलेच नसतात, मग तीच अर्धवट ट्रान्सक्रिप्ट जाऊन पडते. ऑर्डर करताना 'होल्ड फॉर ग्रेड्स' निवडा. मुदत 1 जुलै. डी अँझा, फुटहिलसारख्या क्वार्टरवाल्या (तिमाही सत्रांच्या) कॉलेजांतल्या पोरांचे फायनल्सच जूनच्या अखेरीकडे असतात, त्यांनी तर डोळ्यांत तेल घालून बघा. ज्या ज्या कॉलेजात एक जरी विषय केला असेल त्या प्रत्येकाची वेगळी ट्रान्सक्रिप्ट, ऑनलाइन केलेला तो एक समरचा विषय सगळे विसरतात. आणि आयगेटसी (ट्रान्सफरसाठीच्या जनरल एज्युकेशन विषयांचा ठरलेला संच), किंवा तुम्ही 2025 च्या फॉलपासून सुरू केलं असेल तर त्याच्या जागी आलेला कॅल-गेटसी, त्याचं सर्टिफिकेशन मागावं लागतं, ट्रान्सक्रिप्टबरोबर ते आपोआप जाईलच असं धरून चालू नका.

ठाण्याच्या त्या पोराने दुसऱ्या वर्षी परत अर्ज केला, लिनिअर अल्जिब्रात 'बी' आणला. जुलैमध्ये मला पोर्टलवरचा स्क्रीनशॉट पाठवला, फायनल ट्रान्सक्रिप्टपुढे 'रिसीव्ह्ड'. खाली एकच ओळ, "ताई, आता आजीला सांगू का?"