जर्नल, पण प्रॅक्टिकलचं नव्हे

एफवायबीएला इंग्रजीच्या तासाला मॅडमनी फळ्यावर ‘जर्नल’ लिहिलं आणि मी त्याच संध्याकाळी स्टेशनरीच्या दुकानातून शंभर पानी जर्नल आणलं. बारावी सायन्सची सवय, दुसरं काय. एका बाजूला रेघा, दुसरी बाजू आकृतीसाठी कोरी, वर खाकी कव्हर. अनुक्रमणिकासुद्धा आखून टाकली. दुसऱ्या दिवशी मॅडमनी ते पाहिलं आणि हसू दाबत म्हणाल्या, “अगं, रोजनिशी लिहायची आहे. उद्देश, साहित्य, कृती नाही!”

काम असं होतं : इतिहासातली एक घटना निवडायची, त्या काळातला एक काल्पनिक माणूस उभा करायचा आणि त्याच्या रोजनिशीतल्या पाच नोंदी इंग्रजीत लिहायच्या. २० गुण, तीन आठवडे. निम्म्या वर्गाने शिवाजी महाराजांचा मावळा घेतला. मावळा इंग्रजीत रोजनिशी का लिहील, हा प्रश्न कुणालाच पडला नाही. तेव्हा मलाही पडला नव्हता.

मी मुंबईच्या गोदीतला स्फोट घेतला, कारण आईची मावशी गिरगावातल्या चाळीत राहायची आणि तिने तो ऐकला होता. १४ एप्रिल १९४४, शुक्रवार. व्हिक्टोरिया डॉकमध्ये ‘फोर्ट स्टिकीन’ या बोटीला आग लागली. बोटीत कापसाच्या गाठी, वर दारूगोळा, शिवाय सोन्याच्या विटा. चार वाजून सहा मिनिटांनी पहिला स्फोट झाला, अर्ध्या तासाने दुसरा. आग विझवायला गेलेले अग्निशमन दलाचे ६६ जवान गेले. दर वर्षी १४ एप्रिलपासून अग्निशमन सेवा सप्ताह पाळतात, तो त्यांच्या आठवणीत.

हे सगळं मी पहिल्याच नोंदीत कोंबलं. माझा नायक चौदा तारखेच्या रात्री कंदिलाच्या उजेडात बोटीचं नाव, स्फोटाची मिनिटं आणि ६६ हा आकडा लिहून मोकळा. मॅडमनी कच्चा मसुदा परत दिला तेव्हा प्रत्येक दुसऱ्या ओळीखाली पेन्सिलची रेघ होती आणि समासात एकच प्रश्न पुन्हा पुन्हा : हे त्याला कुणी सांगितलं?

दोन दिवस मी रुसून बसले. माहिती खरी होती ना, मग? पण प्रश्न बिनतोड होता. धुराने काळवंडलेल्या रस्त्यावरून घरी आलेल्या माणसाला मृतांचा आकडा कुठून कळणार? त्यात लढाईचे दिवस. बातम्यांवर सेन्सॉर होता, आपल्याकडे तपशील छापायला परवानगी मिळाली ती थेट मे महिन्यात. गंमत म्हणजे जपानच्या ताब्यातल्या सायगाव रेडिओने दुसऱ्याच दिवशी बातमी देऊन टाकली होती. म्हणजे मुंबईकराला मुंबईची बातमी शत्रूच्या रेडिओवरून!

इथे ते वेड्यासारखं आणलेलं जर्नल कामाला आलं. रेघांच्या पानावर नोंद लिहायची आणि समोरच्या कोऱ्या पानावर, त्या रात्री त्याला काय माहीत आहे तेवढंच मांडायचं. चौदा तारखेला : आवाज, फुटलेल्या काचा, आकाशातून पडणारा जळका कापूस, ‘जपानने बॉम्ब टाकला’ ही आवई. पंधराला : आग चालूच, आणि रेडिओवाल्या शेजाऱ्याने दार लावून, हळू आवाजात सांगितलेली गोष्ट. मग दोन दिवसांनी सोन्याच्या विटा उडाल्याची अफवा, तीही अफवा म्हणूनच. बोटीचं नाव त्याला पाचही नोंदींत कळत नाही. आकडे काढून टाकताना जीव तुटत होता, इतके कष्ट करून मिळवलेले! पण काढले.

मावशीआजीकडे गेले तेव्हा आधी मीही पत्रकारासारखा प्रश्न टाकला, “तेव्हा तुला कसं वाटलं गं?” ती म्हणाली, “वाटायचं काय? घाबरलो.” संपलं. मग चहा पिताना सहज विचारलं, त्या दिवशी जेवायला काय होतं? आणि ती जी सुरू झाली! शिंक्यावरचं दुधाचं पातेलं आपोआप डोलायला लागलं. तिची आई ‘धरणीकंप, धरणीकंप’ म्हणत पोरांना जिन्याकडे ढकलत होती. रात्री भाताच्या झाकणावर काजळीचा थर होता. आणि वडील उशिरा, अनवाणी घरी आले. “चपला कुठे राहिल्या ते त्यांनी मरेपर्यंत सांगितलं नाही,” एवढं बोलून ती कप उचलून आत गेली.

त्या अनवाणी पायांसमोर माझी आधीची चार पानं फिकी पडली. पहिली नोंद मी तिथूनच सुरू केली. तेव्हा तुम्हालाही कुणी जुनं माणूस सापडलं तर भावना विचारू नका. पातेलं, चप्पल, जिना, रेशन विचारा.

आता इंग्रजीचं. मी मराठी माध्यमातली. आधी मराठीत सुंदर परिच्छेद लिहायचे आणि मग शब्दकोश घेऊन त्याचं इंग्रजी करायचे. ‘काळजात धस्स झालं’चं इंग्रजी करताना एक अख्खी रविवार दुपार गेली, आणि जे झालं ते वाचून मैत्रीण लोळून हसली. शेवटी उपाय सापडला तो मावळ्याच्या त्या प्रश्नात : हा माणूस इंग्रजीत लिहितो कशाला? मी त्याला गोदीतला टॅली क्लार्क, म्हणजे चढ-उतार होणाऱ्या मालाची मोजदाद ठेवणारा कारकून केला. मॅट्रिक झालेला, साहेबापुढे बोलताना अडखळणारा, इंग्रजी सुधारावी म्हणून रोज एक पान लिहिणारा. आता त्याची वाक्यं छोटीच असणार, शब्द साधेच असणार. घाबरला की त्याला इंग्रजी शब्द सुचत नाही आणि तो तिथे चक्क ‘धस्स’ लिहितो. मॅडमना ती जागा आवडली. माझी अडचण मी त्याच्या गळ्यात बांधली, असं म्हणा हवं तर. पण चाललं.

काळाच्या चुका मात्र शेवटपर्यंत निघत राहिल्या. माझा क्लार्क चहाचे पन्नास पैसे देत होता. दशमान नाणी आली १९५७ मध्ये, त्याआधी सोळा आण्यांचा रुपया. एका नोंदीत तो ‘महाराष्ट्र सरकार’ला नावं ठेवत होता, राज्य व्हायला अजून सोळा वर्षं असताना! आणि ‘दुसरं महायुद्ध’ असं भारदस्त नाव कुठला कारकून रोज लिहील? मावशीआजी आजही नुसतं ‘लढाईत’ म्हणते. म्हणून मसुदा झाला की फक्त नाणी, गावांची-राज्यांची नावं आणि वापरातल्या वस्तू यांच्यासाठी एक वेगळं वाचन करा. अर्धा तास पुरतो.

शेवटची नोंद मी आधी ‘हा दिवस मी कधीच विसरणार नाही’ अशी संपवली होती. मॅडमनी खोडलं नाही, नुसतं विचारलं, “उद्या त्याची कितीची पाळी आहे?” मग मी तिथे पाळीची वेळ लिहिली आणि नवीन चपला घ्यायला पैसे उसने मागायचे, एवढं.

२० पैकी १६ मिळाले. कापलेल्या चार गुणांत एक मुखपृष्ठाचा. तिथे ठळक अक्षरांत ‘डायरी’च्या जागी ‘डेअरी’चं स्पेलिंग पडलं होतं, आणि पाच जणांनी वाचूनही ते कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.