क्लॅव्युलॅनिक आम्ल वापरून ईएसबीएल कसे ओळखावे

संसर्ग करणाऱ्या जिवाणूंचे बीटा-लॅक्टमेझ हे एन्झाइम पेनिसिलिन आणि सेफॅलोस्पोरिन यांच्या रेणूतील बीटा-लॅक्टम वलय तोडते, त्यामुळे औषध देऊनही जिवाणू वाढत राहतो. अब्राहम आणि चेन यांनी पेनिसिलिन नष्ट करणाऱ्या अशा एन्झाइमची नोंद १९४० सालीच केली होती, म्हणजे हे औषध सर्रास वापरात येण्याच्याही आधी. पुढे आढळलेली ईएसबीएल, अर्थात विस्तारित पल्ल्याची बीटा-लॅक्टमेझे, सेफोटॅक्सिम आणि सेफ्टाझिडिम ही सेफॅलोस्पोरिन गटातील औषधेही निकामी करतात; मात्र क्लॅव्युलॅनिक आम्ल हा अवरोधक त्यांना बंद पाडतो, आणि चाचणीची सारी मदार यावरच आहे.

ई. कोलाय किंवा क्लेबसिएला या जिवाणूंच्या ताज्या, शुद्ध संवर्धनातील वसाहती सलाइनमध्ये मिसळून ०.५ मॅक्फारलंडइतकी (मॅक्फारलंड हे गढूळता मोजण्याचे प्रमाण) गढूळता साधावी आणि १५ मिनिटांच्या आत ते द्रावण म्यूलर-हिंटन अगर या जिवाणू वाढवण्याच्या घट्ट माध्यमावर स्वॅबने तीन दिशांनी एकसारखे पसरावे. अगरचा थर सुमारे ४ मिलिमीटर असावा, कारण जाड थरात औषधाच्या चकतीभोवतीची, जिवाणू न वाढलेली वर्तुळे लहान पडतात आणि नंतरच्या मोजणीला अर्थ उरत नाही. त्यावर ३० मायक्रोग्रॅम सेफ्टाझिडिमची एक चकती आणि तेवढ्याच सेफ्टाझिडिमसोबत १० मायक्रोग्रॅम क्लॅव्युलॅनिक आम्ल असलेली दुसरी चकती पुरेशा अंतरावर ठेवावी. सेफोटॅक्सिमचीही अशीच जोडी लावावी. एकदा टेकलेली चकती सरकवू नये, कारण औषध लगेच अगरमध्ये झिरपू लागते. प्लेट ३५ अंश सेल्सिअसला १६ ते १८ तास ठेवावी.

वाचताना एकट्या वर्तुळाच्या आकारात अडकू नये, जोडीतील फरक पाहावा. समजा, नुसत्या सेफ्टाझिडिमभोवती १५ मिलिमीटर आणि क्लॅव्युलॅनिक आम्लासह २३ मिलिमीटर व्यासाचे वर्तुळ आले, तर फरक ८ चा झाला. दोनपैकी कोणत्याही एका जोडीत तो ५ मिलिमीटर किंवा अधिक असल्यास ईएसबीएल आहे असे नोंदवावे. सोबत क्लेबसिएला न्यूमोनिये एटीसीसी ७००६०३ (एटीसीसी हा प्रमाणित जिवाणूंचा संग्रह) हा होकारार्थी आणि ई. कोलाय एटीसीसी २५९२२ हा नकारार्थी नियंत्रण म्हणून लावावा.

खरी फसगत होते ती दोन्ही वर्तुळे लहान आणि जवळपास सारखी आल्यावर. अशा वेळी घाईने ‘ईएसबीएल नाही’ असे लिहू नये, कारण एम्पसी हे दुसरे बीटा-लॅक्टमेझ क्लॅव्युलॅनिक आम्लाला फारसे जुमानत नाही आणि त्याच्या आड ईएसबीएल लपू शकते. सेफेपिम हे सेफॅलोस्पोरिन एम्पसीपुढे बऱ्यापैकी टिकते, म्हणून हीच चाचणी सेफेपिमच्या जोडीने पुन्हा करावी.