आयरिस लावायचेत? आधी हळद विसरा

जुलैच्या दुसऱ्या शनिवारी मी माझा आयरिसचा (गड्ड्यापासून वाढणाऱ्या फुलझाडाचा) वाफा उपसणार आहे. तीसेक गड्डे वाटायला निघतील. ज्यांनी नंबर लावलाय त्यांच्यासाठी हे लिहितेय. फावडं, खुरपं, हातमोजे, पाण्याचा पाइप यांबद्दल बोलत नाही; न्यू जर्सीत घर घेतलं की ते आपोआप गॅरेजमध्ये साठतं. सगळा खटाटोप एकाच गोष्टीसाठी आहे, जी मी पहिल्या खेपेला चुकले आणि नऊ गड्ड्यांपैकी एकालाही फूल धरलं नाही: गड्ड्याची पाठ मातीच्या वर, उन्हात, उघडी राहिली पाहिजे.

माझं माहेर सांगलीकडचं, हळदीचं. आयरिसचा गड्डा हातात घेतला की ओल्या हळदीचीच आठवण होते. तसाच गाठाळ, तशाच मुळ्या. मी डोळे झाकून हळदीसारखा लावला, तीन-चार इंच आत. महिन्याभराने माती बसून गड्डे जरा डोकावायला लागले, तर मी चक्क भरणी केली, म्हणजे वर आणखी माती चढवली! बाबांचं वाक्य कानात होतं, "गड्डा उघडा पडला की माशी बसते." हळदीत ते शंभर टक्के खरं आहे, कंदमाशी उघड्या गड्ड्यावरच अंडी घालते. वर एप्रिलमध्ये बागकामवाल्याने सगळीकडे मल्च (मातीवर पसरायचं लाकडाच्या कपच्यांचं आच्छादन) ओतला तेव्हा आयरिसही त्याखाली गेले. मे महिन्यात शेजारच्या इटालियन आजोबांच्या ड्राइव्हवेच्या कडेला जांभळी रांग फुलली आणि माझ्याकडे नुसती पाती. चार झाडांची तर पातीही आडवी झाली. एक ओढलं तर मूठभर पानं सहज हातात आली. खाली बोट घातलं, तर गड्ड्याची साल तेवढी शाबूत होती, आत कढीसारखं पातळ आणि वास सडक्या बटाट्याचा. उरलेले पाच उकरून वर आणून लावले, त्यांचीच ही तीस पिल्लं.

कारण समजून घ्या, म्हणजे हात आपोआप थांबेल. या उंच, दाढीवाल्या (पाकळीवर केसांचा पट्टा असलेल्या) आयरिसचे पूर्वज भूमध्य समुद्राकडच्या आणि बाल्कनमधल्या खडकाळ, कोरड्या उन्हाळ्याच्या उतारांवरचे. पावसानंतर गड्डा उन्हात सुकला तर तो ठणठणीत. ओल्या मातीखाली दाबला तर तो कुजतो, नाहीतर फुलायचं सोडून देतो. पाण्यात बसलेली म्हैस आठवा. पाठ वर, बाकी सगळं आत. बस्स. टेक्सास-ॲरिझोनात किंवा रेताड जमिनीत अर्धा-एक इंच माती चालते असं वाचाल. ती सूट आपल्या चिकण मातीला नाही.

आता जागा. सहा तास थेट ऊन हवंच, आठ मिळालं तर उत्तम. हे मार्चमध्ये मोजू नका, तेव्हा मेपल उघडाबोडका असतो आणि सगळं अंगण उन्हाचंच वाटतं. आत्ता, जूनमध्ये मोजा. एखाद्या शनिवारी नऊ, बारा आणि तीन वाजता त्याच जागेचा फोटो काढा. मला ही अक्कल फुकट मिळाली, कारण ऊन माझ्याकडे आधीपासून भरपूर होतं.

पाणी साचतंय का तेही आत्ताच बघा. फूटभर खड्डा खणा, पाण्याने भरा, जिरू द्या, परत भरा. संध्याकाळी भरलेलं सकाळी तसंच दिसलं तर त्या जागी सपाटीवर लावूच नका. गादीवाफा करा, सहा-आठ इंच उंच, त्यात चांगलं कुजलेलं कंपोस्ट बेताने मिसळा. ताजं शेणखत नको. लॉनचं खत तर वाफ्याच्या आसपासही नको, त्यातल्या नत्राने पानं माजतात आणि गड्डे मऊ पडतात. ५-१०-१० सारखं नत्र कमी असलेलं खत घ्या. मातीची चाचणी रटगर्स विद्यापीठाच्या काउंटी एक्स्टेन्शन ऑफिसमार्फत (शेती-बागेचा सल्ला देणारं केंद्र) करून मिळते. पीएच ६.८ च्या आसपास असला की झालं.

रंग बघून ठरवायचे असतील तर त्याची वेळ यंदा जवळजवळ गेलीच, पण पुढच्या वर्षी मेच्या शेवटाला माँटक्लेअरच्या प्रेस्बी आयरिस गार्डनला जा. १९२७ पासूनची बाग आहे. सगळे फुलांचे फोटो काढत असतात, तुम्ही जरा वाकून बुडखे बघा. गड्डे जमिनीवर पसरलेले दिसतील, पाठी उघड्या.

लावायची वेळ जुलैच्या मध्यापासून सप्टेंबरच्या सुरुवातीपर्यंत. कडाक्याच्या थंडीआधी मुळं धरायला निदान सहा आठवडे मिळाले पाहिजेत. पानं मी सहा इंचांवर कापूनच देईन. खड्डा उथळ आणि रुंद घ्या, मधोमध मातीचा छोटा वरंबा ठेवा, त्यावर गड्डा बसवा, मुळ्या दोन्ही अंगांनी खाली सोडा आणि मुळ्यांवर माती घट्ट दाबा. मुळ्यांवर म्हणतेय, गड्ड्यावर नाही. दोन गड्ड्यांत दीड फूट. पानांचा पंखा ज्या बाजूला, तिकडे गड्डा वाढत जातो, म्हणून पंखे बाहेरच्या दिशेला ठेवा. मग एकदा सणसणीत पाणी द्या. आणि आता तिथून उठू नका! पाण्याबरोबर माती वाहून गड्ड्यावर येते. बोटाने ती बाजूला करा. म्हशीची पाठ दिसली पाहिजे.

पुढचे दोन-तीन आठवडे माती वरून वाळली की पाणी. नंतर हात आवरा. स्प्रिंकलर रोज सकाळी फवारत असेल तर त्याचं तोंड फिरवा.

एवढं करूनही पाठ परत झाकली जाते, आणि ती तुम्ही नाही, दुसरंच कोणीतरी झाकतं. बागकामवाला वसंतात मल्च टाकतो. त्याला आधी तोंडी सांगा, वर वाफ्याच्या चार कोपऱ्यांना काठ्या रोवून दोरी बांधा. मी नुसतं तोंडी सांगितलं होतं, दुसऱ्या वर्षी त्याने दुसराच माणूस पाठवला. ऑक्टोबरात मेपलची पानं ओली होऊन चिकटतात, ती हाताने वेचा. घरी आईवडील आले असतील तर त्यांनाही सांगा. माझ्या बाबांनी गेल्या सप्टेंबरात मी ऑफिसला गेल्यावर प्रेमाने पूर्ण रांगेला माती लावून ठेवली. "उघडे पडले होते गं बिचारे," म्हणाले. मी संध्याकाळी टॉर्च धरून सगळी काढली. आईला पाती बघून हे वेखंडच वाटतं. दिसायला तशीच आहेत, पण वेखंडाला चिखल लागतो, याला चिखल म्हणजे मरण. आणि हळदीसारखं दिसतं म्हणून कोणी चाखू नका, पोटाला विषारी आहे. घरात कुत्रा असेल तर लक्ष ठेवा.

किडीचं एक नीट वाचा. इकडे पूर्वेला आयरिस बोरर नावाची अळी आहे. पतंग शरद ऋतूत जुन्या पानांवर अंडी घालतो, एप्रिल-मेमध्ये अळ्या निघतात, पानातून पोखरत खाली उतरतात आणि जुलैपर्यंत गड्ड्यात बोटाएवढ्या गुलाबी होऊन बसतात. मग त्या भोकातून कूज शिरते. वसंतात पानाच्या कडेला करवतीसारखे दाते किंवा ओलसर रेघ दिसली, तर पान दोन बोटांत धरून वरून खाली दाबत या. आत चिरडल्याचं कळतं. किळस येते, करायचं. आणि कडाक्याची थंडी पडल्यावर वाळकी पानं सगळी उचलून कचऱ्यात टाका, कंपोस्टमध्ये नाही. कुजका गड्डा सापडला तर चमच्याने मऊ भाग टणक गर लागेपर्यंत खरवडा, एक भाग ब्लीच आणि नऊ भाग पाण्यात बुडवा, उन्हात वाळवा, परत लावा. कसा लावायचा ते आता विचारू नका.

एक गड्डा एकदाच फुलतो. म्हणून दर तीन-चार वर्षांनी उपसून बगलेचे नवे ठेवायचे आणि मधला म्हातारा टाकायचा. हळदीत जेठा (मधला, मूळ) गड्डा बेण्याला सगळ्यात चांगला, इथे तोच कचऱ्यात. बाबांना हे अजून पटलेलं नाही. तुम्हाला बगलेचेच देणार आहे, "मोठा दे ना" म्हणू नका.

बाकी भराभर सांगते. पहिल्या हिवाळ्यात जमीन गोठून-वितळून गड्डे वर उचलले जातात, तेव्हा मुळ्यांच्या बाजूने माती दाबा, वरून नाही. खत वसंताच्या सुरुवातीला मूठभर, बाजूने, आणि फुलं गेल्यावर महिन्याने परत. दांडे तीन फुटी होतात आणि मेच्या पावसात लोळतात, बांबूच्या काड्या आणून ठेवा. फुलून झाला की दांडा बुडातून कापा, हिरवी पानं राहू द्या. हरणं सहसा तोंड लावत नाहीत. पहिल्या मेमध्ये फूल आलं नाही तर लगेच मला फोन नको. पुण्याला न्यायचा विचारही नको, त्यांना कडक हिवाळा लागतो.

शनिवारी नऊच्या आत या, नंतर ऊन चढतं. पुठ्ठ्याचा खोका आणा, प्लास्टिकच्या पिशवीत गड्ड्यांना घाम सुटतो. रंग मी पानावर मार्करने लिहून ठेवीन. लगेच लावायला जमलं नाही तर गॅरेजमध्ये सावलीत, कोरडे, आठवडाभर खुशाल पडू द्यात. लावल्यावर बुडख्याचा फोटो पाठवा. फुलाचा नंतर बघू.