वॅराटा: वालुकाश्माच्या डोंगरातलं लाल फूल बियांपासून वाढवताना

वॅराटा हे ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्सचं राज्यपुष्प. सिडनीभोवतालच्या वालुकाश्मावर, निकस पण पाणी झटकन निचरणाऱ्या मातीत ते वाढतं. रानातल्या झाडांना संरक्षण आहे, म्हणून बी रोपवाटिकेतूनच घ्या आणि ताजंच घ्या.

तीन भाग जाडी वाळू आणि एक भाग कोकोपीट कालवून खोल कुंडी भरा. बी अर्धा सेंटिमीटर खोल पेरा. मिश्रण ओलसर हवं, चिंब नको, नाहीतर रोपं बुडाशी कुजून आडवी होतात. उगवायला साधारण दोन ते चार आठवडे लागतात. रोप हलवताना मुळांभोवतीची माती मोडू नका.

बरीच झाडं खतामुळे मरतात. याची बारीक, झुबकेदार मुळं निकस मातीतूनही फॉस्फरस ओढून घेतात. नेहमीचं खत घातलं की तोच फॉस्फरस विष ठरतो: पानं पिवळी पडतात, कडा करपतात. शेणखत, कोंबडखतही नको. ऑस्ट्रेलियातल्या स्थानिक झाडांसाठीचं कमी फॉस्फरसचं, हळू विरघळणारं खत तेवढं चालतं, तेही चिमूटभर.

चिकण माती असेल तर ३० ते ५० सेंटिमीटर उंच वाफा करा. पाणी साचलं की फायटोफ्थोरा हा मातीतला बुरशीसारखा सूक्ष्मजीव मुळं कुजवतो; माती ओली असूनही झाड मान टाकतं. तिथे आणखी पाणी घालणं म्हणजे घात. पहिले दोन उन्हाळे मात्र पाण्याचा खाडा नको.

बियांपासून फुलायला पाचेक वर्षं लागतात. फुलं ओसरताच, फुललेली फांदी निम्म्याहून खाली छाटा. पुढच्या वर्षीची फुलं नव्या फुटव्यांवर येतात.