दाढ काढायला निघालाय? मग जरा मावशीचं ऐका

मिरजेत एका दातांच्या दवाखान्यात मी सतरा वर्षं काम करते. मॅडम दाढ काढतात, मी डाव्या हाताला उभी राहून थुंकी ओढणारी नळी धरते, हत्यारं हातात देते आणि पेशंटच्या पायांकडे बघत असते. दुखतंय का विचारलं की माणूस मानेनं 'नाही' म्हणतो, पण पायांना खोटं बोलता येत नाही. अंगठे ताणले की मी मॅडमना डोळ्यांनी खूण करते, मग त्या थांबून अजून थोडी भूल देतात.

सगळे मला मावशी म्हणतात. दाढ काढून झाल्यावरच्या सूचना सांगायचं काम माझं, आणि त्या मला झोपेतही पाठ आहेत. तरी गेल्या वर्षी माझीच खालची अक्कलदाढ काढायची वेळ आली तेव्हा मी काय घोळ घातला ते पुढे सांगतेच.

दाढ काढायचं ठरवण्याआधी एकदा विचारा, "ही वाचेल का?" पुष्कळ किडक्या दाढा रूट कॅनाल करून वाचतात. स्वतःची दाढ असणं आणि तिच्या जागी दुसरी बसवणं यात फार फरक आहे. अक्कलदाढेचं मात्र वेगळं. ती गेली तर तिच्या जागी काही बसवावं लागत नाही. खर्चही आधीच विचारून घ्या. सरळ दाढ आणि आडवी दाढ यांचा दर एक नसतो, एक्स-रेचे पैसे बहुतेक वेगळे लागतात. परवडत नसेल तर मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर इथे शासकीय दंत महाविद्यालयं आहेत. तिथे खूप कमी पैशांत काम होतं, पण आख्खा दिवस हाताशी ठेवून जावं लागतं.

येताना गोळ्यांची पिशवी घेऊन या. "बीपीची एक पांढरी आणि एक गुलाबी" असं सांगून आम्हाला काही कळत नाही. शुगर, दमा, हृदयाचं काही, औषधाची ॲलर्जी, दिवस गेलेले असणं, सगळं सांगा. हाडं ठिसूळ झाली म्हणून आठवड्याची गोळी किंवा वर्षातून एकदाचं इंजेक्शन घेत असाल तर तेही सांगा, कारण त्या औषधांनी कधी कधी जबड्याचं हाड लवकर भरत नाही. आणि रक्त पातळ करायची गोळी, इकोस्प्रिन म्हणा, क्लोपिडोग्रेल म्हणा, ती आपल्या मनाने बंद करू नका. एक आजोबा चार दिवस गोळी सोडून मोठ्या ऐटीत आले होते. मॅडमनी दाढेला हातही लावला नाही. आधी त्यांच्या हृदयाच्या डॉक्टरांना फोन लावला, गोळी पुन्हा सुरू केली, आणि पुढच्या आठवड्यात गोळी चालू असतानाच दाढ काढली. रक्त जरा जास्त वेळ आलं, एवढंच.

उपाशी येऊ नका. ऑपरेशन म्हटलं की लोक पाणीसुद्धा न पिता येतात, आणि मग खुर्चीत बसल्या बसल्या घाम फुटतो, डोळ्यांपुढे अंधारी येते. नुसती हिरडीत भूल देणार असतील तर पोटभर खाऊन, रोजच्या गोळ्या घेऊन या. पूर्ण झोपवून करणार असतील तर मात्र उपाशीच राहायचं, पण तसं असेल तर ते आधी सांगतात.

आता इंजेक्शन. "मुंगी चावल्यासारखं वाटेल" असं मी सतरा वर्षं सांगत आले. मला दिलं तेव्हा कळलं, मुंगी फारच मोठी आहे. पण दहा-पंधरा सेकंदांचा प्रकार. वरच्या दाढेला तिच्या जवळच सुई देतात. खालच्या दाढेला जबड्याच्या पार मागे, नस जिथून आत शिरते तिथे देतात, म्हणून त्या बाजूचा अर्धा ओठ आणि अर्धी जीभसुद्धा बधिर होते. ओठ दोन बोटं जाड झालाय असं वाटतं. आरशात बघाल तर तो तेवढाच असतो. काहींना छातीत एकदम धडधडतं. भुलेच्या औषधात ॲड्रेनॅलिन असतं, त्याने होतं ते. दोन-तीन मिनिटांत थांबतं, पण सांगा मात्र.

रात्रभर ठणकली म्हणून गाल सुजवून सकाळी धावत आलात, तर मॅडम कदाचित त्याच दिवशी काढणार नाहीत. पू भरलेल्या जागी भूल नीट चढत नाही. अशा वेळी आधी पू काढून देतात, लागलं तर औषध देतात आणि दोन-चार दिवसांनी बोलावतात. लोकांना वाटतं, डॉक्टर फेऱ्या मारायला लावतात. तसं नाही हो.

भूल चढली की हिरडीला टोचून विचारतात, "दुखतंय, की नुसतं दाबल्यासारखं वाटतंय?" हा प्रश्न नीट ऐका, सगळी गोम त्यात आहे. भूल दुखणं घालवते, दाब घालवत नाही. डॉक्टर जोर लावतात ते तुम्हाला कळणारच. टोचल्यासारखं, कळ आल्यासारखं झालं तर डावा हात वर करा. त्या बाजूला मी असते. सहन करून दाखवल्याबद्दल इथे कुणी शाल-श्रीफळ देत नाही.

दाढ काढतात म्हणजे ओढत नाहीत. गोठ्यातला गुरांचा खुंटा कसा काढतात? सरळ वर ओढला तर कंबर मोडेल, खुंटा हलणार नाही. इकडे-तिकडे हलवून आधी भोक सैल करतात आणि मग तो हाताला येतो. अगदी तसंच. आधी एक चपटं हत्यार हिरडी आणि दाढ यांच्या फटीत घालून सैल करतात, मग पकड लावून बाहेर आणि आत, बाहेर आणि आत. या सगळ्यात 'कर्र' असा आवाज येतो. तो हाडातून थेट कानात जातो, म्हणून तुम्हाला फार मोठा वाटतो. शेजारी उभं राहून मला जेमतेम ऐकू येतो. सरळ दाढ पाच-दहा मिनिटांतही निघते. माझी आडवी होती. हिरडी कापली, थोडं हाड घासलं, दाढेचे दोन तुकडे केले, चाळीस मिनिटं गेली आणि तीन टाके पडले. दुखलं काहीच नाही. जबडा उघडा ठेवून अवघडला तेवढाच.

वरची दाढ काढली की नजर जाते, हे रोज कुणीतरी विचारतंच. जात नाही. दाताची नस वेगळी, दिसायची नस वेगळी. दाढा किडायला लागतात त्याच वयात चाळिशीचा चष्मा लागतो, आणि आळ मात्र डॉक्टरवर येतो.

खरं काम पुढे आहे, आणि ते तुमचं आहे. दाढ निघाली की हाडात खळगा उरतो. तो रक्ताने भरतो आणि त्या रक्ताची गाठ होते. ती गाठ म्हणजे त्या खळग्याचं पांघरूण. खालचं हाड आणि नस तिने झाकलेली असते. पहिले चोवीस तास जे काही करायचं, ते ती गाठ जागेवरून हलू नये म्हणून.

म्हणून कापडाची घडी दाताखाली देतात ती पाऊण तास घट्ट चावून धरायची. बोलायचं नाही. दवाखान्याच्या पायरीवरच "झालं गं, काढली" म्हणून फोन लावणारे मी रोज बघते. थुंकी गिळायची. थुंकायचं नाही, चूळ भरायची नाही, नळीने काही ओढून प्यायचं नाही, कारण तोंडात ओढ बसली की गाठ उपटून येते. थुंकीला गुलाबी रंग येणार, दिवसभर येईल. चमचाभर थुंकीत थेंबभर रक्त असलं तरी सगळं लालच दिसतं, घाबरू नका. उशीवर जुना टॉवेल टाका, आणि डोक्याखाली दोन उश्या घेऊन झोपा.

वेदनेची गोळी भूल उतरायच्या आधी घ्यायची, काहीतरी खाऊन. भूल दोन ते चार तासांत उतरते, आणि उतरल्यावर घेतलेली गोळी लागू पडेपर्यंत तुम्ही घरभर येरझाऱ्या घालाल. जी लिहून दिली तीच घ्या. ॲस्पिरिन मनाने घेऊ नका, रक्त थांबायला वेळ लागतो. गालावर बाहेरून फडक्यात बर्फ, पंधरा मिनिटं ठेवायचा, पंधरा मिनिटं काढायचा, हे पहिल्या दिवशीच. खायला गार आणि मऊ: दहीभात, गार केलेली आंबील, चमच्याने आइस्क्रीम. तांबडा रस्सा नको. ओठ बधिर असेपर्यंत तर काही चावूच नका. लहान मुलं गंमत म्हणून बधिर ओठ चावत बसतात आणि संध्याकाळी तो भजीसारखा फुगतो.

चोवीस तासांनंतर कोमट पाण्यात मीठ, पेलाभर पाण्याला अर्धा चमचा, प्रत्येक खाण्यानंतर. खळाखळा चूळ नाही. पाणी तोंडात धरायचं, मान हळू कलती करायची, आणि बेसिनवर तोंड उघडून ते आपोआप पडू द्यायचं.

हे सगळं मी हजारो जणांना सांगितलंय. आणि माझी दाढ काढली त्या संध्याकाळी बेसिनसमोर उभी राहिले, तोंडात रक्ताची ती लोखंडासारखी चव, घरात कुणी नाही. म्हटलं, एकदाच. चूळ भरली आणि जोरात थुंकले. बरं वाटलं. म्हणून परत एकदा.

दुसऱ्या दिवशी गाल सुजला, पण सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी वाढतेच, त्याचं काही नाही. तिसऱ्या रात्री मात्र कानात कुणी तापलेली तार घातल्यासारखी कळ सुरू झाली. गोळीने तासभर दबायची, परत वर यायची. तोंडाला घाण वास. टॉर्च लावून आरशात बघितलं तर खळगा रिकामा, आणि तळाला हाड दिसत होतं. दवाखान्यात याला ड्राय सॉकेट म्हणतात. (भरत आलेल्या खळग्यावरही पांढुरका थर येतो, पण तो दुखत नाही. त्याला पू समजून काडीने खरवडू नका.)

सकाळी खुर्चीत बसले. मॅडमनी खळगा सलाइनने धुतला, लवंगतेलाच्या वासाची औषधपट्टी भरली, आणि दहा मिनिटांत कळ निम्म्यावर आली. रागावल्या नाहीत. एवढंच विचारलं, "मावशी, तुम्हाला कुणी सूचना दिल्या नव्हत्या का?"

तंबाखू, विडी, सिगारेटवाल्यांना हे जास्त होतं. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, पण खिशातून पुडी निघतेच. काहींचं तोंड गुटख्याने एवढं आखडलेलं असतं की दोन बोटंही आत जात नाहीत, तिथे अक्कलदाढेपर्यंत हत्यार पोचवायचं कसं? आमच्याकडे बायका मशेरीचं तर नावच घेत नाहीत. "तंबाखू खाता?" विचारलं की "छे छे". मशेरी म्हणजे भाजलेला तंबाखूच, बाई. निदान आठवडाभर डबी दुसऱ्याच्या हाती द्या.

फोन कधी करायचा? स्वच्छ कापडाची ओली घडी अर्धा तास घट्ट चावूनही ताजं लाल रक्त येत राहिलं तर. ताप आला तर. तिसऱ्या दिवसानंतर दुखणं कमी व्हायच्या ऐवजी वाढलं तर. दुसऱ्या दिवशीही ओठ बधिरच राहिला तर. आणि सूज जबड्याखाली, गळ्याकडे उतरली, गिळता येईना, श्वास कोंडला, तर दाताच्या दवाखान्याचं शटर उघडायची वाट बघू नका. रात्र असली तरी मोठं हॉस्पिटल गाठा.

टाके असतील तर साधारण आठवड्याने काढतात. चिमटा काढल्यासारखं होतं, भूल लागत नाही. विरघळणारे असतील तर तेही नाही. हिरडी तीन-चार आठवड्यांत मिटते, आतलं हाड भरायला काही महिने जातात. तोवर जीभ त्या खड्ड्यात जाणार, कितीही ठरवलं तरी जाणार. जाऊ दे तिला.

इकडच्या माणसांचा शेवटचा प्रश्न ठरलेला असतो: भडंग कधी खायचं? कुरमुऱ्याचं टरफल त्या खळग्यात जाऊन बसलं की काढता काढता जीव जातो, म्हणून मी तीन आठवडे सांगते. मी एकविसाव्या दिवशी खाल्लं, दुसऱ्या बाजूने.