डिन बरोबर, तरी वेगात स्कीची टाच सुटते: माझा अनुभव

लक्षण: गुलमर्गला अफरवट शिखराच्या कडक, खडबडीत बर्फावर जोरात वळताना मागची बाइंडिंग (बूट स्कीला धरणारी पकड) मी पडण्याआधीच सुटायची. तक्त्याप्रमाणे डिन (बाइंडिंग किती जोराला सुटेल तो आकडा) ९. तो ११ पर्यंत वाढवला तरी तेच, वर खरंच पडल्यास गुडघ्याचा धोका वाढला. फार वैताग आला.

दोष होता फॉरवर्ड प्रेशरमध्ये, म्हणजे बुटाला मागून पुढे दाबणाऱ्या जोरात. स्की वाकली-सरळ झाली की हीलपीस (बाइंडिंगचा टाचेकडचा भाग) रुळावर पुढेमागे सरकून बूट दाबून धरतो. तो दाब कमी असेल तर डिन कितीही आवळा, बूट निसटतो.

याच क्रमाने करा. आधी बुटाचा सोल घासून पुसा. चालून झिजला असेल तर बदला. सोल आयएसओ ५३५५ (नेहमीचा सपाट, कडक) आहे की ग्रिपवॉक (चालायला सोपा, वळलेला), आणि बाइंडिंग तो घेते का, ते पाहा. टोपीसची (बाइंडिंगच्या पुढच्या भागाची) उंची जुळवता येत असेल तर जुळवा. मग बूट अडकवून, हीलपीस बंद ठेवून दाबाची खूण पाहा. खुणेबाहेर असेल तर बूट काढून हीलपीस पुढे (दाब जास्त असेल तर मागे) घ्या, पुन्हा अडकवून तपासा. दोन्ही पायांचं वेगवेगळं. शेवटी डिन परत ९.

इतकं मुंबईत घरी होतं. टॉर्क चाचणी (बाइंडिंग नेमकी किती जोराला सुटते याची मोजणी) मात्र मशीन असलेल्या दुकानातच. इथल्या दमट पावसाळ्यात स्की कोरड्या ठेवा, पण बाइंडिंगवर डब्ल्यूडी-४० मारू नका, आतलं ग्रीस धुतलं जातं.

नवी बाइंडिंग घेताना आपला डिन तिच्या आकड्यांच्या पट्ट्याच्या मधोमध यावा: ९ साठी ३ ते १० नको, ५ ते १४ बरी.