पेनासाठी लाकडाला भोक पाडताना या चुका टाळा

लाकडी पेन करताना ठोकळ्याला लांबीत भोक पाडतात, त्यात पितळी नळी चिकटवतात आणि मग लेथवर, म्हणजे कातायच्या यंत्रावर, तो गोल कातून घेतात. कातताना ठोकळा फुटला की दोष पटाशीला दिला जातो. मी फुटलेले तुकडे टाकून देत नाही, उभे चिरून आत बघतो. बहुतेक वेळा आत करपलेली काळी रेघ, एका अंगाला गेलेलं भोक किंवा गोंद न पोचलेली जागा सापडते. म्हणजे ठोकळा फुटला लेथवर, पण बिघडला होता ड्रिलवरच.

खाली लिहिलंय ते 7 मिमी पितळी नळीच्या साध्या बारीक पेनाबद्दल. ठोकळा साधारण 19 मिमी चौरस, नळी 53 मिमीच्या आसपास.

धूर येतो, नंतर चीर उघडते

सगळ्यात जास्त लाकूड वाया जातं ते एका दमात भोक पाडल्याने. 7 मिमीच्या साध्या बिटची, म्हणजे ड्रिलच्या पात्याची, भुसा बाहेर काढणारी पिळदार खाच 69 मिमी लांब असते. त्यातली पन्नास-पंचावन्न लाकडात बुडाली की भुशाला बाहेर यायला वाट राहत नाही. तो खाचेत दाबून बसतो, घासतो, तापतो. भोकाच्या कडेचं लाकूड झपाट्याने सुकून आकसतं, बाहेरचं मात्र तसंच राहतं, आणि या ओढाताणीत चीर पडते. शिसम, बाभळीसारख्या घट्ट लाकडात ती केसाएवढी असते. त्या दिवशी दिसतही नाही, पॉलिश झाल्यावर उघडते. माझं एक शिसमाचं पेन भेट देऊन झाल्यावर असं तडकलं, ते अजून मनाला लागून आहे.

पहिले 20 मिमी झाले की दर पाच-सहा मिमीला बिट पूर्ण बाहेर काढा. मशीन बंद करून खाच ब्रशने झाडा, बोटाने नाही. वेग मी मिनिटाला हजार फेऱ्यांच्या आसपास ठेवतो. जाड नळीसाठी 10 मिमीच्या पुढचं बिट असेल तर त्याच्या निम्मा. लाकडाच्या सोललेल्या कातरणी येताहेत तोवर धार ठीक आहे. पिठासारखा भुसा पडू लागला, जोर लावावा लागला की बिटला धार लावा. सागात सिलिका असते, त्यात धार लवकर जाते.

भोक एका अंगाला सरकतं

बिट लाकडातल्या मऊ रेषेच्या मागे जातं आणि गाठ आली की बाजूला वळतं. म्हणून रेषा तिरक्या असलेला ठोकळा निवडलात तर आणखी सावध राहा. मध्य कर्ण आखून काढा, टोच्याने खूण करा आणि शक्यतो मधे टोक असलेलं, लाकडासाठीचं बिट वापरा. ठोकळा वाइसमध्ये, म्हणजे मशीनखालच्या पकडीत, गुण्या लावून उभा करा, आणि तोही दोन बाजूंनी तपासा. एका बाजूने सरळ दिसणारा ठोकळा दुसऱ्या बाजूने कललेला असतो. हाताने धरून भोक कधीच पाडू नका. बिट अडकलं तर ठोकळा गरकन फिरतो आणि बोटं सोलतात.

छोट्या बेंच ड्रिलवर आणखी एक अडचण येते. बऱ्याच मशीनचा बिट धरणारा दांडा 50 मिमीच खाली येतो. मग ठोकळा उलटा करून दुसऱ्या टोकाकडून भोक पाडायचा मोह होतो. तसं करू नका, दोन भोकं क्वचितच जुळतात. मशीन बंद करा, बिट भोकातच ठेवून दांडा वाइससकट वर घ्या, वाइसखाली सपाट फळी सरकवा आणि त्याच भोकात पुढे जा.

शेवटच्या टोकाला टवका उडतो

ठोकळा नळीपेक्षा सात-आठ मिमी लांब कापा. भोक आरपार नेऊ नका. शेवटचे दोन-तीन मिमी शिल्लक ठेवून करवतीने टोक कापलं की भोक आपोआप उघडतं.

आपल्याकडचं लाकूड

जुन्या नाशकातले वाडे पाडतात तेव्हा निघणारा साग मला सगळ्यात प्रिय आहे, पण त्यात खिळ्यांचे तुकडे असतात. ठोकळ्यावरून लोहचुंबक फिरवा. निळसर काळा डाग दिसला तर तिथे लोखंड आहे किंवा होतं असं समजा.

निफाड, दिंडोरीकडे बाग काढली की द्राक्षाची जुनी खोडं मिळतात. दिसायला सुंदर, पण आत मोठी छिद्रं आणि मधे मऊ गाभा. गाभा सोडून ठोकळा काढा. ओल असताना भोक पाडलंत तर सुकताना ते लंबगोल होतं आणि नळी शिरत नाही. किचनच्या वजनकाट्यावर दर आठवड्याला वजन करा. लागोपाठ तीन आठवडे तेच भरलं की लाकूड तयार. पावसाळ्यात हे लांबतं, तेव्हा मी नवीन खोडाला हात लावत नाही.

नळी अर्ध्यातच अडकते

भोक गरम असताना फेव्हिक्विकसारखा गोंद लावला की तो क्षणात धरतो. हा गोंद हवेतल्या ओलाव्याने पक्का होतो, त्यामुळे जुलै-ऑगस्टमध्ये आणखी घाई करतो. ठोकळा पूर्ण गार होऊ द्या. आधी नळी कोरडी घालून बघा, ती अलगद सरकली पाहिजे. ठोकायची वेळ आली तर भोक लहान आहे. नळी पॉलिश पेपरने खरवडून घ्या. साग तेलकट असल्याने भोक आतून ॲसिटोनने पुसा. मला दोन भागांचा इपॉक्सी गोंद जास्त भरवशाचा वाटतो. नळी घालताना गोल फिरवत घाला, म्हणजे गोंद सगळीकडे पसरतो. रात्रभर तसंच ठेवा आणि सकाळी टोकं काटकोनात घेऊन मगच लेथवर चढवा.